नागिणीचं बिऱ्हाड

तिची आणि आमच्या अण्णांची ओळख पोलीस ॲक्शनच्या वर्षातली. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली आणि पहिल्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल आणि आमच्या नळदुर्गचा किल्ला तिच्या हाती आला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही काळ मोजतात ती 'रझाकारीत' आणि 'ॲक्शननंतर' अशी. अण्णा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. त्या हिवाळ्यात त्यांना कांजिण्या आल्या. आजीनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली, पोराला पंधरा दिवस घोंगडीवर निजवलं आणि एका सकाळी लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून हात जोडले. "गेली बया एकदाची," म्हणाली.

बया गेली नव्हती. अंगावरच्या खपल्या पडायला लागल्या तशी ती कातडीतून निघाली, मज्जातंतूची दोरी धरून आत सरकत सरकत कण्यापाशी पोचली. कण्याच्या दोन्ही अंगांना, मणक्यांच्या जोडीजोडीनं, मज्जातंतूंच्या छोट्या गाठी असतात. वारुळात नाग शिरावा तशी ती तिथं शिरली आणि तिनं बिऱ्हाड मांडलं. भाडं नाही, भांडण नाही, चाहूल नाही. बहात्तरच्या दुष्काळात अण्णा खडी फोडायला गेले, दिवसभर हातोडीचे हादरे पाठीत बसायचे, ही झोपलेली. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमच्या फळीवरची भांडी खाली आली, सगळं गाव पुढचे कितीतरी दिवस उघड्यावर निजलं, हिनं कूस बदलली नाही. एवढी शांत बिऱ्हाडकरीण शोधून सापडायची नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकात तिचं नाव व्हॅरिसेला झोस्टर. आपल्यात तिला दोन नावं आहेत, आणि कुठल्याही बाईसारखं एक माहेरचं, एक सासरचं. लहान पोराच्या अंगावर ती कांजिण्या असते. म्हाताऱ्याच्या अंगावर येते तेव्हा नागीण. दोन्ही नावांची बाई एकच, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मलाही ते ठाऊक नव्हतं, हे आधीच कबूल करतो. पुढं आणखी कबूल करायचं आहे.

स्वभावानं ती भित्री म्हणावी अशी. घरात कर्ता माणूस जागा आहे तोवर ती बाहेर तोंड काढत नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशींचा एक पहारा तिच्यावर असतो; तिला एकदा अंगणात लोळताना त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते तिला ओळखतात. पण पहारेकरीही म्हातारे होतात. साठी-पासष्टी उलटली, साखर वाढली, मोठं आजारपण आलं, की त्यांना डुलकी लागते. ही मात्र म्हातारी होत नाही. तिचं वय त्या गाठीत शिरली त्या दिवशी थांबलेलं. अण्णांच्या बाबतीत तिनं अडुसष्ट वर्षं वाट पाहिली.

२०१६च्या भाद्रपदात अण्णांच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. नागिणीची ही एक रीत: आधी निरोप धाडते, मग येते. तो निरोप काही कुणाला वाचता येत नाही. डावी बाजू म्हणून मी घाबरून त्यांना सोलापूरला नेलं, छातीचा कागद काढला, तो चांगला निघाला. कुणी मुतखडा म्हणालं, कुणी वात. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी बंडी काढली आणि आमची मंडळी हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. पाठीच्या कण्यापासून डाव्या बरगडीखालून पोटाकडं आलेला चार बोटं रुंद तांबडा पट्टा, आणि त्याच्यावर दाटीवाटीनं पाण्याचे फोड, घामोळ्यापेक्षा मोठे, मोत्यांपेक्षा बारीक. पाठीकडचा शेवट निमुळता, पोटाकडचा थोडा पसरट. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"नागीण हाय ही. फडा बगा की, पोटाकडं हाय."

मग आमच्या ओसरीवर जे झालं ते आठवलं की मला हसूही येतं आणि लाजही वाटते. पोटाकडचं टोक म्हणजे तोंड की पाठीकडचं, यावर दोन तट पडले. तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकलं, की माणूस संपला, याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. काकू रोज सकाळी येऊन बेंबीपासून बोटांनी अंतर मोजायच्या. "काल चार बोटं व्हती, आज साडेतीनच ऱ्हायली." अण्णा आयुष्यभर कुणाला न घाबरलेला माणूस, रझाकार बघितलेला; तो त्या साडेतीन बोटांना घाबरला. रात्री उठून कंदिलासारखा मोबाइल धरून स्वतःचं पोट बघत बसायचा.

ही भीती एकट्या नळदुर्गची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्लिनीनं हेच लिहून ठेवलंय की कमरेभोवतीचा हा आजार विळखा पुरा करील तर माणूस मारतो. तिच्या इंग्रजी नावातला 'झोस्टर' हा ग्रीक शब्द, अर्थ कमरपट्टा. पुढं जर्मनांनी तिला पट्ट्याचा गुलाब म्हटलं, डेन्मार्कमध्ये नरकाचा जाळ म्हणतात. हिंदीत कुठं कुठं जानवं म्हणतात, कारण ती तशीच तिरपी उतरते. पण मला सगळ्यात मौज वाटली ती 'हर्पीस' या शब्दाची. ग्रीकांत 'हर्पेइन' म्हणजे सरपटणं. आणि आपल्या संस्कृतातला 'सर्पति' हा त्याचा सख्खा चुलतभाऊ, एकाच मुळातून फुटलेला. म्हणजे सोलापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर हर्पीस लिहिलं काय आणि काकू नागीण म्हणाल्या काय, दोघांनी सापच म्हटला. नाव ठेवण्यात आमच्या बायका कुठल्याही विद्यापीठाला हार जाणार नाहीत. चुकलं ते पुढं.

ती विळखा पुरा का करत नाही, ते मी नंतर समजून घेतलं, आणि ते समजवायला किल्ल्याइतकी चांगली जागा नाही. आमच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३मध्ये बोरीवर धरण बांधलं, पोटात पाणी महाल ठेवला. पावसाळ्यात नदी भरली, की त्या भिंतीवरून दोन तोंडांनी पाणी कोसळतं: एक नर, एक मादी. दोन्ही धारा शेजारी शेजारी, पण प्रत्येकीची मोरी वेगळी. नराचं पाणी मादीच्या तोंडातून कधी पडत नाही. आपल्या अंगाचंही तसंच बांधकाम आहे. कण्यातून निघालेला प्रत्येक मज्जातंतू आपापल्या बाजूचा एक पट्टा सांभाळतो, डावा डावीकडचा, उजवा उजवीकडचा, आणि दोघांची हद्द पोटाच्या मधोमध. अण्णांची नागीण डाव्या गाठीत जागी झाली होती. तिला जायला वाट डावीकडचीच. बेंबीशी आली की तिचा रस्ता संपला. अंगाची ताकद फारच खचलेली असेल तर ती इकडंतिकडं पसरते, तो वेगळा आणि गंभीर मामला. डोळ्याच्या बाजूला उठली तर नजरेचा धोका असतो, तोही खरा. पण काकूंची साडेतीन बोटं सरता सरणार नव्हती. हे त्या वेळी एका माणसानं ओसरीवर येऊन सांगितलं असतं तर अण्णांची दहा रात्रींची झोप तरी वाचली असती.

सांगणारी होती तशी. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायका शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या, त्यातली एक आमच्या नात्यातली. शाळा फार शिकलेली नाही, पण दुखणं ओळखते. तिनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "भाऊजी, आजच्या आज दवाखान्यात न्या. हिच्या गोळीला तीन दिवसांची मुदत असती." आता दुसरी कबुली. मी नेलं नाही. म्हणजे नेलं, पण दवाखान्यात नव्हे. एका गावी नागीण उतरवणारा माणूस होता, त्याच्याकडं मी, विज्ञानाचा मास्तर, वडलांना मोटारसायकलवर पाठीमागं बसवून नेलं. त्यानं फोडांभोवती गेरूनं नाग काढला, तोंडानं काही पुटपुटला, कडुलिंबाच्या डहाळीनं हवेतल्या हवेत झाडलं, मीठ सोडायला सांगितलं. भला माणूस होता, पैसे मागितले नाहीत. नारळ तेवढा घेतला. फोड उठल्याच्या सहाव्या दिवशी अण्णांना ताप भरला तेव्हा सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या मोठ्या गोळ्या लिहून दिल्या, सात दिवसांच्या, आणि मान हलवून म्हणाले, "बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या असत्या तर..." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

तीन आठवड्यांत फोड वाळले, खपल्या पडल्या. ते तसे पडणारच होते. नागीण दोन ते चार आठवड्यांत आपली आपण कातडीवरून उतरते. मंत्रानं उतरते, गेरूनं उतरते, काही न करताही उतरते. उतरवणाऱ्यांची सगळी कीर्ती या एका गोष्टीवर उभी आहे. गावात बोभाटा झाला की बाबाच्या हाताला गुण आहे. मी काही बोललो नाही. बोलायला मला तोंड कुठं होतं?

आणि मग कळलं की नागीण गेली पण फूत्कार राहिला.

तिच्या स्वभावातला हा सगळ्यात दुष्ट भाग. जाताना ती ज्या तारेवरून आली ती तार जाळून जाते. वर कातडी बरी दिसते, नुसते फिकट डाग, पण आतली तार उघडी पडलेली. सगळ्यांच्यात होत नाही. पण वय जितकं जास्त तितकी भीती जास्त. अण्णांना ते पाच वर्षं पुरलं. दुखणं म्हणजे कसं, असं विचारलं तर ते कधी 'आग' म्हणायचे, कधी 'ठणका', कधी म्हणायचे, "आतून कुणी सुईनं टाचा घालतंय बग." मोठ्या मारानं दुखत नसे. मुठीनं दाबलं तर उलट बरं वाटायचं. दुखायचं ते हलक्या स्पर्शानं. सदऱ्याचा काठ लागला, की चमक. पंख्याचं वारं लागलं, की चमक. आयुष्यभर खादीचा जाडा सदरा घातलेला माणूस मऊ मलमलीला घाबरायला लागला. पौषात खंडोबाच्या यात्रेला सगळं गाव कुडकुडत असताना अण्णा ओसरीवर उघडे बसलेले असायचे, घोंगडी एका खांद्यावर, डावी कूस मोकळी. बाहेरगावची यात्रेकरू मंडळी त्यांना कुणी व्रत घेतलेला साधू समजून पाया पडायची. अण्णा भंडारा लावून आशीर्वाद द्यायचे. गंमत म्हणून सांगतो; ते हसले की बरगडी हलायची आणि हसण्याच्या मधोमध चेहरा वाकडा व्हायचा.

रात्री ते तिच्याशी बोलायचे. मी शेजारच्या खोलीत ऐकायचो. आजीचाच शब्द त्यांच्या तोंडी होता. "गप गं बये. निज की आता. तू बी म्हातारी झालीस, मी बी झालो." गोळ्या होत्या, त्या मज्जातंतूच्या दुखण्याच्या, त्यानं गुंगी यायची, तोल जायचा, दुखणं सुपातून जात्यात आणि जात्यातून सुपात. २०२१ला अण्णा गेले, दुसऱ्याच कारणानं. शेवटची अंघोळ घालताना मी त्या डाव्या कुशीवरून हात फिरवला. पाच वर्षांत पहिल्यांदा तिथं हात फिरवला तरी कुणी कळवळलं नाही.

मधल्या काळात तिनं आणखी एक केलं होतं, ते सांगायचं राहिलं. २०१६ला माझा नातू चार वर्षांचा होता, पणजोबांच्या कुशीत निजायचा. फोड ओले असताना कुणी त्याला तिथून हलवलं नाही. पंधरा-सोळा दिवसांनी पोराच्या अंगावर कांजिण्या उठल्या. म्हाताऱ्याच्या पोटावरची नागीण उठून पोराच्या अंगावर माहेरचं नाव लावून बसली. तेव्हा आम्ही म्हणालो, शाळेतून आणली असेल. बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १८९२मध्येच लिहिलंय की नागिणीच्या रोग्याजवळ असलेल्या पोरांना कांजिण्या होतात. पण दोन्हींची गाठ नीट बांधली ती इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरच्या एका साध्या गावडॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन त्याचं नाव. मोठी प्रयोगशाळा नाही, स्वतःचे रोगी आणि स्वतःच्या वह्या. सोळा वर्षं त्यानं आपल्या साडेतीनेक हजार रोग्यांतले नागिणीचे १९२ जण टिपून ठेवले. स्कॉटलंडच्या उत्तरेला येल नावाचं बेट आहे, तिथं घरोघर विचारून आला. आणि १९६५मध्ये छापलं की नागीण बाहेरून चावत नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्या आत दबा धरून असतात, त्याच उठतात. त्यानं हिशेब असाही मांडला की हजार माणसं पंच्याऐंशी वर्षं जगली तर त्यातली निम्मी तरी हिला भेटतील. वह्या ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला मास्तर म्हणून उगाच जिव्हाळा आहे. हा डॉक्टर आमच्या अणदूरला जन्मला असता तर त्याचं चांगलं जमलं असतं.

आता माझी पाळी. मला कांजिण्या आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळात. शाळेत सुकडी मिळायची, ती आणायला पंधरा दिवस जाता आलं नाही, याचं दुःख फोडांपेक्षा मोठं होतं, म्हणून साल पक्कं लक्षात. म्हणजे माझ्याही कण्यात ती पन्नास वर्षं बिऱ्हाड करून आहे. अण्णांचं बघितल्यापासून डाव्या कुशीत जरा खाजलं तरी मी आरशापुढं उभा राहायचो.

२०२३मध्ये आपल्याकडं तिच्यावरची नवी लस विकायला आली. शिंग्रिक्स तिचं नाव, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन सुया, मध्ये दोन ते सहा महिने. सोलापूरच्या मेडिकलवाल्यानं एका सुईची किंमत सांगितली ती पाच आकडी होती. मंडळींची आणि माझी मिळून चार सुया. मंडळींनी तोंडी हिशेब केला: "अर्धा तोळा येतंय त्यात." मला राग आला, पण त्यांच्यावर नाही. माझ्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे, चवलीएवढी. ती काढायला 'देवी डॉक्टर' आमच्या गल्लीत यायचा, पोरं माळ्यावर लपायची, आया ओढून आणायच्या, आणि पैसा एक लागला नाही. १९७५नंतर देवीचा रोगी या देशात उपजला नाही. पोलिओ तसाच गेला. नागीण माणूस मारत नाही सहसा, म्हणून ती सरकारच्या यादीत नाही. तिला जे करता येतं ते पाच वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकावं लागतं, आणि ऐकण्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही. पेन्शनवाला मास्तर अर्धा तोळा मोडू शकतो. खडी फोडणाऱ्यानं काय मोडावं?

२०२४च्या मार्गशीर्षात देव आले तेव्हा आम्ही पहिली सुई घेतली. आमचा खंडोबा दोन गावांचा आहे: सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने आमच्या नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. दोन्ही गावांचे मानकरी बसतात, करार होतो, ठरल्या दिवशी मूर्ती निघते, ठरल्या दिवशी परत जाते. देवालाही लेखी कराराशिवाय मुक्काम नाही. मला वाटलं, हिच्याशी असा कधी करार झालाच नाही. आली, राहिली. आता निदान एक कागद तरी करून टाकावा.

लशीबद्दल माझा समज होता की ती नागिणीला मारते. सोलापूरच्या डॉक्टरांनी तो काढला. तिला बाहेर काढणारं औषध अजून कुणाकडं नाही. ती कण्यात आहे तिथंच राहणार. लशीत ती मेलेलीही नसते आणि जिवंतही नसते. असतो तिच्या अंगावरच्या सालीचा एक तुकडा, एकच प्रथिन. म्हणजे नागीण नव्हे, नागिणीची कात. डुलक्या घेणाऱ्या पहारेकऱ्यापुढं कात टाकायची आणि त्याला दरडावून उठवायचं की ही बघ, ही अजून घरात आहे. नुसत्या कातीनं म्हातारा पहारेकरी उठत नाही, म्हणून बरोबर आरडाओरडा करणारी दोन द्रव्यं घालतात. त्यातलं एक चिली देशातल्या किलाया नावाच्या झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात घुसळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो, जात तीच. माझ्या आजीनं रिठ्यानं पैठणी धुतली, माझ्या दंडात रिठ्याचा लांबचा भाऊ गेला.

सिस्टरनं फ्रिजमधून दोन बाटल्या काढल्या, अंगठ्याएवढ्या. एकीत पांढरी भुकटी, एकीत ती दोन द्रव्यं मिसळलेलं पाणी. तोवर एकमेकींचं तोंड न बघितलेल्या. पाणी भुकटीत सोडलं, हलकेच हलवलं, अर्धा मिलिलीटर सुईत ओढलं. "कुठल्या दंडावर, काका?" मी डावा पुढं केला. देवीची खूण बघून तिनं विचारलं, "हे काय भाजलंय का?" तेवीस-चोवीस वर्षांची पोर. तिनं देवी कधी बघितलीच नव्हती. मला फार बरं वाटलं.

कार्डावर जन्मतारीख लिहायची होती. "एक जून," मी म्हणालो. "काकूंची?" "एक जून." सिस्टर हसली, मागच्या बाकावरचे दोन म्हातारेही हसले, ते दोघंही एक जूनचेच निघाले. आमच्या पिढीच्या मराठवाड्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. पुढं २०२५च्या वसंतात पेपरात वाचलं तेव्हा मला हे आठवलं. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची आधीची, जुन्या पद्धतीची लस सरकारनं द्यायला सुरुवात केली आणि रेघ ओढली: २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मला असाल तर मिळेल, आदल्या दिवशी जन्मला असाल तर कधीच नाही. एका आठवड्याच्या फरकानं जन्मलेली, बाकी सगळ्यात सारखी माणसं आपोआप दोन गटांत पडली. सात वर्षांनी बघितलं तर लस मिळू शकणाऱ्यांपैकी ज्यांनी ती खरोखर घेतली, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी. का, ते अजून शोधतायत. ही पाहणी आमच्याकडं करायची म्हटली तर सगळी म्हातारी एकाच रेघेवर उभी.

त्या रात्री दंड भोपळ्यासारखा झाला. थंडी वाजली, ताप आला, अंग ठेचल्यासारखं. आमची मंडळी तर दोन दिवस उठली नाहीत, आणि उठल्यावर म्हणाल्या, "आजार बरा म्हनायचा." हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पहिल्या सुईनंतर घाबरून दुसरीला न जाणारे मी दोन पाहिले. ताप म्हणजे पहारेकरी उठून काठी शोधतोय. तिसऱ्या दिवशी सगळं निवळलं. पन्नाशीपुढच्या पंधरा हजारांहून जास्त लोकांवर ही लस तपासली होती, निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना खोटी, सरासरी तीन वर्षं नजर ठेवून. खोटी घेतलेल्यांत २१० जणांना नागीण उठली. खऱ्यातल्या ६ जणांना. मंडळींना हा आकडा सांगितला. त्यांनी दुखरा हात धरून विचार केला आणि म्हणाल्या, "दुसरीला कदी जायाचं?"

देव पावणेदोन महिन्यांनी कराराप्रमाणं अणदूरला परत गेले. त्यानंतर काही दिवसांनी दोन महिने भरले आणि आम्ही दुसरी सुई घेऊन आलो, येताना लालपरीत उभं राहून, डावा हात वर न उचलता.

परवा श्रावणात पंचमी झाली. आमच्याकडं त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, विळीवर काही चिरत नाहीत, जमिनीत नांगर घालत नाहीत. पुरणाची दिंडं उकडली होती. नातू, आता तेरा वर्षांचा, पुण्याहून आला होता. वारुळाला लाह्या-दूध वाहून बायका परत आल्या, तेव्हा तो माझ्या दंडावरची खूण चाचपत बसला होता.

"आजोबा, पणजोबांची नागीण आता कुठंय?"

"त्यांच्याबरोबर गेली."

"आणि तुमची?"

मी त्याचा हात धरून माझ्या पाठीच्या कण्यावर ठेवला. मग तोच हात उलटा करून त्याच्या पाठीवर ठेवला. तो क्षणभर गप्प बसला, मग पाठ खाजवायला लागला.

"मला सुई कधी देणार?"

"पन्नाशी लागल्यावर."

त्यानं बोटं मोजली. "म्हणजे २०६२." थोडा थांबला. "तोवर फुकट मिळेल का हो?"

"दिंड खा आधी, गार होतंय," मी म्हणालो, आणि तुपाची वाटी त्याच्याकडं सरकवली.